युबिक्विटिनचा ब्लॉट कोरा येतो, स्क्रॅच भरत नाही: नवी अँटिबॉडी मागवण्याआधी हे तपासा

लक्षणं

युबिक्विटिन म्हणजे पेशी दुसऱ्या प्रथिनांवर चिकटवते ते छोटं प्रथिन. चालणाऱ्या पेशीत ते कुठल्या प्रथिनावर लागलंय हे वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने ओळखणं) बघताना या अडचणी येतात. खालच्यापैकी एक जरी गोष्ट तुमच्याकडे वारंवार होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- टोटल लायसेट (फोडलेल्या पेशींचा सगळा अर्क) चालवलं, युबिक्विटिनची अँटिबॉडी लावली, पण एमजी-१३२ (प्रथिनांची मोड थांबवणारं औषध) दिलेल्या लेनमध्येही वरचा भाग कोरा. अगदी तळाला, दहा किलोडाल्टनच्या आत, एक पट्टी. बस्स.
- टोटल लायसेटमध्ये स्मिअर (कमी-जास्त युबिक्विटिन लागलेल्या प्रथिनांचा सलग काळपट पट्टा) झकास येतो, पण रो-ए किंवा टॅलिन या प्रथिनांची आयपी (इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीने हवं ते प्रथिन ओढून काढणं) केली की तिथे काही नाही.
- याच्या उलट, सगळ्याच लेनमध्ये स्मिअर. साध्या आयजीजीच्या (तुमचं प्रथिन न ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या) कंट्रोललासुद्धा.
- ५० आणि २५ किलोडाल्टनला दोन जाडजूड पट्ट्या, बाकी शुकशुकाट.
- स्क्रॅच अ‍ॅसेमध्ये (पेशींच्या थरावर रेघ ओढून ती किती भरते ते बघणं) औषध दिलेल्या पेशी रेघ भरून काढत नाहीत. निष्कर्षही लिहून झालेला असतो. जवळून बघितलं तर निम्म्या पेशी गोल होऊन तरंगत असतात.

तक्रार घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "मॅडम, अँटिबॉडीच खराब आली." अँटिबॉडी क्वचित खराब असते. पेशीत युबिक्विटिन लागलेलं होतं. डिश इनक्यूबेटरमधून काढल्यापासून सॅम्पल उकळेपर्यंत ते निघून गेलं, नाहीतर तुम्ही जिथे बघताय तिथे ते नव्हतंच. या दोन्हींवर नवी अँटिबॉडी हा इलाज नाही. सोलापूरला ती पुण्याहून किंवा हैदराबादहून येईस्तोवर प्रोजेक्टचा महिना जातो, तो वेगळाच.

काय शोधतोय, ते आधी

युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन, वजन साधारण ८.५ किलोडाल्टन. ई-१, ई-२ आणि ई-३ या एन्झाइमांच्या साखळीतून ते दुसऱ्या प्रथिनाच्या लायसिन या अमिनो आम्लावर बसतं, मग त्याच्यावर दुसरं, तिसरं. ४८ क्रमांकाच्या लायसिनवरून जोडत गेलेली साखळी असेल तर ते प्रथिन प्रोटिआसोम या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राकडे मोडीत जातं. या मोडीचा उलगडा केल्याबद्दल चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ६३ क्रमांकाच्या लायसिनची साखळी बहुतेक वेळा मोडीसाठी नसते. ती संदेशवहनासाठी आणि पेशीच्या आत ने-आण करण्यासाठी.

चालणारी पेशी हे हत्यार जागा बघून वापरते. पुढच्या कडेला रॅक-१ अ‍ॅक्टिनचं जाळं वाढवून पातळ पदर पुढे टाकतो, मागे रो-ए मायोसिन आवळून शेपूट ओढून घेतो. पुढच्या कडेलाही रो-ए तितकाच जोरात असला तर पदर पसरायचाच नाही. म्हणून स्मर्फ-१ नावाचा ई-३ त्या कडेवर जातो आणि तिथल्या रो-एला युबिक्विटिन लावून संपवतो. हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. पुढे २००७ मध्ये असंही दिसलं, की ट्यूमरच्या पेशीत स्मर्फ-१ बंद केला तर पेशी लांबट होऊन सरपटायचं सोडते आणि गोल होऊन, बुडबुडे काढत सरकायला लागते. पेशी थांबतेच असं नाही, चाल बदलते. स्क्रॅचच्या नुसत्या टक्केवारीत हा फरक कधीच कळणार नाही.

इतरही उदाहरणं आहेत. हेस-१ हा ई-३ सक्रिय झालेल्या रॅक-१ला लक्ष्य करतो. पेशीबाहेरच्या फायब्रोनेक्टिनला धरलेलं अल्फा-५ बीटा-१ इंटेग्रिन (पकड ठेवणारं प्रथिन) पेशीने आत घेतलं की त्याला युबिक्विटिन लागतं आणि ते लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे जातं. त्यामुळे जुनी पकड सुटते. तुमचं प्रथिन प्रोटिआसोम आणि लायसोसोम या दोन वाटांपैकी कुठल्या वाटेनं जातं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यावर औषधाची निवड ठरते.

आता तपासण्या. स्वस्तातलं आधी.

१. मेम्ब्रेन कुठे कापली?

खर्च शून्य. रो-ए सुमारे २२ किलोडाल्टनचा. एक युबिक्विटिन लागला की तीसच्या आसपास, दोन लागले की ३९, तीन लागले की ४७, आणि असंच वर. हे आकडे जेल चालवायच्या आधी कागदावर लिहून काढा. "रो-ए तर खालीच येतो" म्हणून मेम्ब्रेन ३७ ला कापून वरचा तुकडा अ‍ॅक्टिनसाठी दिलेला मी कितीदा तरी पाहिलाय. शोधायचं होतं ते नेमकं त्या तुकड्यावर गेलेलं असतं. लांब साखळ्या तर स्टॅकिंग जेलच्या (जेलच्या वरच्या विरळ भागाच्या) सीमेवरच अडकून बसतात, त्यामुळे स्टॅकिंगचा भाग कापून टाकू नका, तोही ट्रान्सफर करा.

चौथ्या लक्षणाचं उत्तरही याच कागदावर आहे. आयपीला वापरलेली अँटिबॉडी उकळल्यावर तिचे तुकडे होतात, जड साखळी ५० ला आणि हलकी २५ ला. म्हणजे हलकी साखळी रो-एच्या अंगावर आणि जड साखळी तीन युबिक्विटिनवाल्या रो-एच्या अंगावर. आयपी सशाच्या अँटिबॉडीने केली असेल तर ब्लॉट उंदराच्या अँटिबॉडीने करा. ते जमत नसेल तर फक्त अखंड अँटिबॉडी ओळखणारी सेकंडरी वापरा, म्हणजे उकळून सुटलेले तुकडे तिला दिसणार नाहीत.

२. लायसिस बफर

सगळ्यात जास्त ब्लॉट इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबते.

युबिक्विटिन लावणारी एन्झाइम्स आहेत तशी काढणारीही आहेत, माणसात सुमारे शंभर. लॅबमध्ये सगळे त्यांना डब म्हणतात. पेशी फोडली की एटीपीचा (पेशीच्या ऊर्जेचा) पुरवठा तुटतो आणि लावणाऱ्यांचं काम बंद पडतं. काढणाऱ्यांना एटीपी लागत नाही. त्यांचं काम ट्यूबमध्ये बिनबोभाट चालू राहतं. पहिल्या लक्षणातली तळाची पट्टी म्हणजे हेच सुटं झालेलं युबिक्विटिन.

बाजारातलं तयार प्रोटीएज इनहिबिटर कॉकटेल घातलं म्हणजे झालं, असा समज फार पसरलाय. बहुतेक डब त्या कॉकटेलला भीक घालत नाहीत. त्यांच्या कामाच्या जागी सिस्टीन असतं, आणि ते अडवायला एन-इथाइलमलिमाइड लागतं. आपण एनईएम म्हणू. एक मोलरचा स्टॉक इथेनॉलमध्ये करायचा, म्हणजे एक मिलीलीटरला १२५ मिलिग्रॅम. त्यातले २० मायक्रोलीटर एक मिलीलीटर बफरला घातले की २० मिलिमोलर झालं. थोडे डब सिस्टीनवर चालत नाहीत, त्यांना जस्त लागतं. त्यांच्यासाठी बफरमध्ये ५ ते १० मिलिमोलर ईडीटीए ठेवा.

आता या क्रमाने बघा.

बफरमध्ये डीटीटी किंवा बीटा-मर्काप्टोइथेनॉल आहे का? जुन्या प्रोटोकॉलच्या झेरॉक्समध्ये हमखास असतं. डीटीटीचा एक रेणू एनईएमचे दोन रेणू खातो. ५ मिलिमोलर डीटीटी असेल तर तुमच्या २० पैकी १० तिथेच गेले. लायसिस बफरमधून ते काढून टाका. नंतरच्या लोडिंग बफरमध्ये असलं तरी चालतं, कारण तोवर एसडीएस या डिटर्जंटने आणि उकळण्याने डब मेलेले असतात.

एनईएम कधी घातलं? पाण्यात ते हळूहळू फुटतं, पीएच वाढला की आणखी लवकर. सोमवारी बफरमध्ये घालून ठेवलेलं एनईएम गुरुवारी नावापुरतं उरतं. पेशी फोडायच्या आधी, तेव्हाच्या तेव्हा घाला. वजन करताना हातमोजे आणि फ्यूम हूड हवंच. ते डोळ्यांना आणि श्वासाला चांगलंच झोंबतं, त्वचेवर पडलं तर फोड येतात.

बर्फ खरंच बर्फ आहे का? एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि बऱ्याच लॅबमध्ये एसी फक्त इन्स्ट्रुमेंट रूममध्ये. बकेटमध्ये पाणी आणि चार खडे तरंगत असतील तर कडेच्या ट्यूब कोमट झालेल्या असतात. आईस मशीन बंद असेल तर कारखान्यातली लादी आणून फोडा, बकेटमधल्या ट्यूबला त्याने काही होत नाही. पीबीएसचे दोन वॉश, स्क्रॅप, लायसिस हे एका दमात करा. चहा नंतर.

पुष्कळ जणांचं दुखणं इथेच बरं होतं. त्याच पेशी, तीच अँटिबॉडी, फक्त ताजं एनईएम आणि डीटीटीला सुट्टी, आणि जो भाग कोरा होता तिथे वरपासून खालपर्यंत काळपट स्मिअर उतरतो.

३. एमजी-१३२ जिवंत आहे का?

रो-एला युबिक्विटिन लागताच तो मोडीत जात असेल, तर मोड थांबवल्याशिवाय काही दिसणार नाही. म्हणून एमजी-१३२. साधारण १० मायक्रोमोलर, चार ते सहा तास, आणि शेजारी तेवढंच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवलंय ते द्रावक) दिलेली डिश. डीएमएसओची लेन नसेल तर ब्लॉट माझ्याकडे आणूच नका.

हे औषध अल्डिहाइड आहे, विरघळलेल्या अवस्थेत टिकायला नाजूक. घरगुती धाटणीच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवलं असेल तर बर्फ साचू नये म्हणून तो फ्रीझर आपणहूनच अधूनमधून गरम होतो. वर लाईट जाते ती वेगळी. स्टॉक एकदाच्या वापराइतक्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. चाचणी सोपी आहे. डीएमएसओ आणि एमजी-१३२ अशा दोनच लेन टोटल लायसेटच्या चालवा. दुसरीत स्मिअर ठळकपणे वाढला नाही तर औषध मेलंय किंवा लायसिस बिघडलंय. आयपीच्या बीड्सना (अँटिबॉडी धरणाऱ्या बारीक मण्यांना) तोवर हात लावू नका.

वेळ वाढवून फायदा होत नाही. रात्रभर ठेवलं की पेशी मरायला लागतात, आणि सगळं युबिक्विटिन मोडीच्या रांगेत अडकून सुटं युबिक्विटिन संपतं. मग जिथे मुळात प्रोटिआसोमचा संबंध नाही तिथलं कामही अडतं.

इंटेग्रिनसारखं लायसोसोमकडे जाणारं प्रथिन असेल तर एमजी-१३२ हे चुकीचं औषध आहे. तिथे लायसोसोमचं काम अडवणारं क्लोरोक्वीन किंवा बॅफिलोमायसिन लागतं.

४. ट्रान्सफर

पटकन सांगते. मोठी प्रथिनं जेलमधून निघायला आळशी असतात, ट्रान्सफर बफरमधलं मिथेनॉल १० टक्क्यांवर आणा आणि वेळ वाढवा. पीव्हीडीएफ ०.२ मायक्रॉनची घ्या, नाहीतर सुटं युबिक्विटिन आरपार जाईल. पॉन्सो या रंगाने रंगवून वरचा भाग आलाय का ते बघा. पी४डी१ सारखी युबिक्विटिनची अँटिबॉडी वापरताना मेम्ब्रेन आधी उकळत्या पाण्यात किंवा ६ मोलर ग्वानिडीनमध्ये ठेवली तर युबिक्विटिन पुरतं उलगडतं आणि सिग्नल सुधारतो. एफके२ ही अँटिबॉडी फक्त जोडलेलं युबिक्विटिन ओळखते, सुटं नाही. त्यामुळे तिच्या ब्लॉटवर तळाला पट्टी नसणं बरोबरच आहे. बफर नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात करू नका हे सांगायची वेळ येऊ नये, पण आरओचं कार्ट्रिज शेवटचं कधी बदललं ते विचारून घ्या.

५. डिशमध्ये चालणाऱ्या पेशी किती?

हा मुद्दा क्वचितच कुणी विचारात घेतं. स्मर्फ-१ रो-एला पुढच्या कडेवर संपवतो, आख्ख्या पेशीत नाही. आणि गच्च भरलेल्या डिशमध्ये एक रेघ ओढली तर कडेला येणाऱ्या पेशी मूठभर. बाकीच्या आपल्या जागी बसून. अशा डिशचा लायसेट म्हणजे सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत एका माणसाची हाक ऐकायचा प्रयत्न. एकूण रो-ए तेवढाच दिसणार, युबिक्विटिन लागलेला रो-ए बुडून जाणार.

उपाय स्वस्त आहे. मोठ्या डिशमध्ये मल्टिचॅनल पिपेटला टिप्स लावून उभ्या-आडव्या भरपूर रेघा ओढा, म्हणजे कडेला आलेल्या पेशींचं प्रमाण कैक पटींनी वाढतं. सुटलेल्या पेशी धुऊन टाका, दोन-तीन तास पेशींना हलू द्या, मग एमजी-१३२, मग लायसिस. कंट्रोल म्हणून तशीच भरलेली, रेघ न ओढलेली डिश. शक्य असेल तर एका कव्हरस्लिपवर रो-ए रंगवून कडेला तो कमी दिसतो का तेही मायक्रोस्कोपखाली बघा. अशा ‘कुठे’ विचारणाऱ्या प्रश्नाला ब्लॉट एकटा पुरत नाही.

६. स्क्रॅच अ‍ॅसे

एमजी-१३२ देऊन चोवीस तासांचा स्क्रॅच करू नका. करूच नका. पेशी आजारी पडते एवढंच त्यातून सिद्ध होतं. शिवाय एमजी-१३२ कॅल्पेन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमलाही अडवतं, आणि कॅल्पेन टॅलिन कापून पेशीची पकड सोडवतं. म्हणजे युबिक्विटिनचा काडीचा संबंध नसतानाही चाल मंदावू शकते. औषध द्यायचंच असेल तर थोडे तास द्या आणि प्रोटिआसोम अडवणाऱ्या एपॉक्सोमायसिन किंवा बोर्टेझोमिबने पडताळा. खरा पुरावा हवा असेल तर तो एक ई-३ एसआयआरएनएने (ठरावीक जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी करा आणि मग पेशी बघा.

बाकीचं भराभर: सीरम भरपूर असेल तर रेघ पेशी चालल्यामुळे भरली की वाढल्यामुळे, ते कळत नाही. सीरम कमी करा किंवा पेशींची वाढ थांबवणारं मायटोमायसिन-सी द्या. एचईके-२९३ पेशी या कामाला घेऊ नका, रेघ ओढताना सालपटासारख्या निघतात. फोटोसाठी प्लेट बाहेर काढली की माध्यम गुलाबी-जांभळं व्हायला लागतं, सगळ्या प्लेट सारखाच वेळ बाहेर ठेवा. आणि मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये घुसणारे जीवाणू) तपासा. पेशी मित्राच्या लॅबमधून आणलेल्या असतील तर आधी तेच तपासा. पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थेच्या पेशी संग्रहातून रीतसर मागवलेली लाइन शेवटी स्वस्त पडते.

७. डीनेचरिंग आयपी

इथपर्यंत सगळं ठीक, टोटल लायसेटमध्ये स्मिअर आहे, पण तुमच्या प्रथिनावर नाही किंवा सगळ्याच लेनमध्ये आहे, तर आता मेहनतीचं काम. साध्या आयपीत रो-एसोबत त्याचे जोडीदारही बीड्सवर येतात. स्मिअर रो-एचा की जोडीदाराचा, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून पेशी थेट १ टक्का एसडीएसमध्ये फोडा, ९५ अंशाला दहा मिनिटं उकळा. डीएनएमुळे शेंबडासारखं होईल, बारीक सुईच्या सिरिंजमधून ओढा-सोडा किंवा सोनिकेट करा. मग ट्रायटन असलेल्या, एसडीएस नसलेल्या बफरने दहापट पातळ करून आयपी. उकळल्यावर जोडीदार सुटतात आणि डबही मरतात. जे युबिक्विटिन उरतं ते तुमच्या प्रथिनाला खरोखर जोडलेलं असतं. अँटिबॉडीला उकळलेलं प्रथिन ओळखता येतं का, ते मात्र आधी बघा.

याच्याही पुढची पायरी म्हणजे हिस्टिडिनचा टॅग लावलेलं युबिक्विटिन पेशीत घालून ८ मोलर युरियात निकेलच्या बीड्सवर ओढणं. ग्वानिडीन वापरलं तर जेलवर टाकण्याआधी पूर्ण धुऊन काढा, एसडीएसबरोबर ते गोठून बसतं. आणि ई-३वर दावा करायचा असेल तर निकामी स्मर्फ-१ची लेन हवीच, म्हणजे सिस्टीन ६९९ च्या जागी अ‍ॅलानिन असलेला. चांगला स्मर्फ-१ दिल्यावर शिडी वाढते आणि निकामी दिल्यावर वाढत नाही, तेव्हा बोला. दोन्हींनी वाढत असेल तर तो जास्त प्रथिन कोंबल्याचा परिणाम आहे.

कुठे थांबायचं

टोटल लायसेटचा स्मिअर ठणठणीत, औषध चालतंय, डीनेचरिंग आयपीही नीट झाली, तरी वेगवेगळ्या वेळी पुन्हापुन्हा करूनही तुमच्या प्रथिनावर काही दिसलं नाही, तर थांबा. अँटिबॉडीमागून अँटिबॉडी मागवत बसू नका. गाईडना सांगा आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांकडे जा. पुण्या-हैदराबादच्या मोठ्या संस्थांत ती सोय आहे, गाईडच्या पत्राने विचारणा करता येते. युबिक्विटिन कुठल्या लायसिनवर बसलंय हे ब्लॉट कधीच सांगणार नाही, त्यांचं यंत्र सांगेल.

काही गोष्टींना स्वतः हात लावू नका. सीओ-टूच्या सिलिंडरचा रेग्युलेटर गळत असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, दार उघडा आणि गॅसवाल्याला बोलवा. बायोसेफ्टी कॅबिनेटचा हवेचा अलार्म वाजत असेल तर इंजिनिअर येईपर्यंत तिथे पेशी उघडू नका. पॉवर पॅकच्या वायरीचं आवरण फाटलं असेल तर चिकटपट्टी गुंडाळून ट्रान्सफर लावायचं नाही. फ्यूम हूड बंद असेल तर एनईएम आणि मायटोमायसिनची पावडर उघडायची नाही, मग व्हायव्हा उद्या असला तरी.

मास स्पेकला सॅम्पल पाठवताना एक गोष्ट चिठ्ठीवर ठळक लिहा, सिस्टीन झाकायला तुम्ही काय वापरलं ते. ट्रिप्सिनने कापल्यावर युबिक्विटिनच्या जागी लायसिनवर दोन ग्लायसीन उरतात, त्यांचं वजन ११४ डाल्टन. आयोडोअ‍ॅसिटामाइड जास्त झालं तर तेही लायसिनवर दोनदा चिकटतं आणि वजन नेमकं तेवढंच भरतं. यंत्राला ते युबिक्विटिनच वाटतं. त्यामुळे त्यांना क्लोरोअ‍ॅसिटामाइड वापरायला सांगा, आणि तुम्ही आधीच आयोडो घातलं असेल तर तेही लपवू नका.